भरल्या हौदाचं पाळणाघर

त्या वर्षी सासूबाई गुरांच्या छावणीवर राहायला गेल्या आणि माझ्या सव्वादोन वर्षांच्या लेकीला सांभाळायला घरात कोणी उरलं नाही.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. पण दुष्काळात आमच्याकडे असंच असतं. शेतात कडबा नाही, विहिरीत पाणी नाही, म्हणून बैलजोडी आणि एक गाय छावणीत नेऊन बांधली होती. तिथं चारापाणी मिळायचं, पण जनावरामागं घरातलं एक माणूस राहावंच लागायचं. चारा ओढून घ्यायला, शेण काढायला, दावण राखायला. सासरे नव्हते. माझा नवरा एसटीत कंडक्टर. उरल्या सासूबाई. त्यांनी एक गोधडी, तवा आणि तांब्या गाठोड्यात बांधला, नातीच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "पाऊस पडला की आलेच मी. तवर तू बघ काय तरी सोय. शिकलेली हायेस."

शिकलेली आहेस. हे मी वयाच्या दहाव्या वर्षापासून ऐकत आले. आमचं माहेरचं घर मेंढरं राखणारं, वडवणीच्या पलीकडं. घरातलं पहिलं माणूस कॉलेजात गेलं ते मी. माझ्या शाळेतल्या गुरुजींनी स्वतःच्या हातानं वसतिगृहाचा अर्ज भरला नसता तर मीही आज कुठंतरी माळावर असते. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बी.एस्सी. झाले, लग्न होऊन माजलगावला आले आणि दूध संघाच्या शीतकरण केंद्रात प्रयोगशाळेत लागले. गावागावच्या सोसायट्यांचं दूध यायचं, त्याचा नमुना घ्यायचा, फॅट काढायचं, नोंद करायची. नोकरी हंगामी होती. त्या उन्हाळ्याच्या शेवटी कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. दुष्काळानं दूध निम्म्यावर आलं होतं, त्यामुळं आम्हा दोन हंगामी माणसांपैकी एकालाच ठेवतील अशी कुजबुज होती. अशा वेळी रजा मागणं म्हणजे आपल्या हातानं आपली खुर्ची उचलून देणं. आणि लेकीला सोबत नेणं शक्यच नव्हतं. फॅट काढायला ॲसिड लागतं. त्या खोलीत मी स्वतः पदर खोचून, श्वास धरून वावरायचे.

म्हणजे आठ दिवसांत लेकीला कुठंतरी ठेवायचं होतं. शिकलेल्या बाईला हे जमायला हवं, असं मलाही वाटत होतं. पण लेकरू कुणाच्या हाती द्यायचं आणि ते कसं ओळखायचं, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडलेलं नव्हतं.

पहिल्यांदा गल्लीतल्या अंगणवाडीत गेले. ताई म्हणाल्या, तीन वर्षांच्या आतलं लेकरू बसवून घेता येत नाही, शिवाय एक वाजता सुट्टी. मी परत निघाले तशी तिथली मदतनीस मागं आली. पन्नाशीची, काटक, हाताला पीठ लागलेलं.

"सकाळी माझ्यासंगं इथं बसंल की एका कोपऱ्यात. ताई काय म्हनत न्हाईत. एकनंतर माझ्या घरी. चार लेकरं असत्यात माझ्याकडं."

तिचं घर पलीकडच्याच बोळात होतं. एक खोली, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, कुडाची भिंत. मी विचारलं, "पाणी आहे का तुमच्याकडं?"

"पानी कुठलं बाई? ज्यानं त्यानं बाटली भरून द्यायची."

मी मान हलवली आणि मनातल्या मनात त्या घरावर काट मारली.

दुसरं ठिकाण म्हणजे खतांच्या दुकानावरच्या मजल्यावर निघालेली इंग्रजी नर्सरी. भिंतीवर हत्ती, बदक, ससा. वर पत्रा. चैत्रात त्या पत्र्याखाली उभं राहिलं की डोकं भणभणायचं. तिथल्या मॅडमनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून मुलाखत घेतली. माझ्या तळहाताला घाम आलेला, बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला आला नव्हता एवढा.

"बेबी शी-शू सांगते का?"

"सांगते," नवरा म्हणाला, "पण झाल्यावर."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नियम सांगितले. पिण्याचं पाणी घरून. शिवाय बाथरूमसाठी प्रत्येक मुलामागं अर्धी बादली रोज पोचवायची. जिना उतरताना नवरा म्हणाला, "पोरगी पाठवायची का बादली, ते एकदा इचारून ये."

आमच्या नळाला पंधरवड्यातून एकदा पाणी यायचं. टँकर यायचा त्या दिवशी अख्खी गल्ली रांगेत. धरणात गाळ उघडा पडला होता आणि तो बघायला लोक मोटारसायकलवर जात. माझी लेक जन्मली तेव्हापासून पाऊस असा झालाच नव्हता. परातीत बसवून दोन तांब्यांत आंघोळ, आणि ते खाली साचलेलं पाणी फरशीला. तिच्या लेखी पाणी म्हणजे तांब्यात मावणारी गोष्ट.

तिसरं ठिकाण दाखवलं आमच्याच केंद्रातल्या एकानं. कालव्याच्या बाजूला एक बंगला होता. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई तिथं पाळणाघर चालवायच्या. आठ-दहा लेकरं. आठ ते साडेपाच. मी गेले तेव्हा लेकरं ओळीनं बसून मुरमुरे खात होती. भिंतीवर बाराखडीचे तक्ते, एक लाकडी घोडा, एक झोपाळा. बाईंचं बोलणं गोड, साडी इस्त्रीची. मला माझ्या शाळेतल्या बाई आठवल्या आणि मी नकळत हात जोडून उभी राहिले.

"या, मागची बाजू दाखवते," त्या म्हणाल्या.

मागच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. मांडीएवढा उंच, लांबलचक. बाईंनी वरचा पत्रा सरकवला. हौद काठोकाठ भरलेला होता. कित्येक महिन्यांत मी एवढं पाणी एका जागी पाहिलं नव्हतं. इतकं स्थिर की त्यात लिंबाची फांदी दिसत होती. मी वाकून बघतच राहिले.

"मुलानं बोअर घेतला, लागला नशिबानं," बाई म्हणाल्या. "लेकरांना हातपाय धुवायला कमी नाही इथं. आणि तुम्ही संध्याकाळी न्यायला याल ना, तेव्हा एक कॅन भरून नेत जा. पालकांना मी नाही म्हणत नाही."

माझं तिथंच ठरलं. लेकरांना किती जणी सांभाळतात, बाई स्वयंपाकघरात गेल्या की कोण बघतं, गेट कुणासाठी उघडं असतं, यातलं काही मी विचारलं नाही. तीन ठिकाणी गेले आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला, पाणी आहे का? इथं त्याचं उत्तर डोळ्यांसमोर भरलेलं होतं. घरी येऊन मी नवऱ्याला पाळणाघराबद्दल सांगितलं ते हौदापासूनच सुरू केलं. तो म्हणाला, "नशीब काढलंस." शेजारणीनं तर विचारलं, "आमची पोरगी आठ वर्षांची हाय, घेतील का तिला?"

पहिले चार दिवस लेक गेटापाशी माझा पदर सोडायची नाही. मी तिची बोटं एकेक करून सोडवायचे आणि मागं न बघता निघायचे. केंद्रात दिवसभर एकच घोर. रडत असेल का, कुणी चावलं असेल का, भात भरवला असेल का, उन्हात खेळत असेल का. नमुन्याच्या बाटल्यांवरचे नंबर मी दोन-दोनदा बघायचे. पाचव्या दिवसापासून ती रडेनाशी झाली. उलट गेट दिसलं की हात सोडून पळायची. माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी एका कडेवर लेक आणि दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन घेऊन मी घरी यायचे. रस्त्यानं बायका बघायच्या. खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडा तोराच वाटायचा.

दुसऱ्या आठवड्यात माझे वडील आले. त्यांना आम्ही बप्पा म्हणतो. छावणीत मेंढरं घेत नव्हते, त्यामुळं त्यांनी बरीचशी विकली होती आणि उरलेली धर्मापुरीकडच्या एका पाहुण्याकडं अर्धलीनं दिली होती. अर्धलीनं म्हणजे सांभाळायचं त्यानं, आणि पुढं होतील त्या कोकरांत निम्मा वाटा त्याचा. बप्पांच्या हाताला काम नव्हतं आणि हाताला काम नसलेला मेंढपाळ फार केविलवाणा दिसतो. ते नातीला बघायला म्हणून आले.

"कुठं ठिवतीस हिला?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"तू बसलीस का तिथं?"

"बसले म्हणजे?"

"बसून बघितलंस का दिवसभर?"

मला हसू आलं. "बप्पा, तिथं तसं बसू देत नाहीत."

"आगं, मेंढरं अर्धलीनं द्यायची तर मी त्या मानसाच्या दारात आख्खा दिस बसतो. न सांगता जातो. बोलत न्हाई, इचारत न्हाई. त्यो पानी कवा दावतो, कुत्रं आलं तर उठतो का बसूनच हाड हाड करतो, समदं दिसतं. अन् हे तर लेकरू हाय."

"ती माणसं शिकलेली आहेत, बप्पा."

ते उठून ओट्यावर गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मागोमाग आले आणि बंगल्यासमोरच्या लिंबाखाली, डोक्याचा पटका सोडून मांडीवर घेऊन, बसले. संध्याकाळी मी न्यायला गेले तर बाई गेटावरच उभ्या.

"हे तुमचे वडील का हो? सकाळपासून बसलेत. मी पाणी विचारलं, चहा विचारला, नुसते नको म्हणतात. पालक विचारायला लागले, हा म्हातारा कोण म्हणून. असं बरं दिसत नाही."

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. बप्पांचं मळकं धोतर, पायातल्या टायरच्या चपला, हातातली काठी हे सगळं मला एकदम बाईंच्या डोळ्यांनी दिसलं. वाटेत मी त्यांना म्हणाले, "उद्यापासून नका बसू. मला मान खाली घालावी लागते."

"बरं माय," ते म्हणाले. मग थोडं चालून, "लोक लई येत्यात तिथं पान्याला. दुपारच्याला."

"बाई चांगल्या आहेत. देतात."

"चांगल्याच हायेत. मी कुठं न्हाई म्हनलं?"

त्यानंतर ते बसायला गेले नाहीत. घरीच ओट्यावर सुतळी वळत बसायचे.

दोन दिवसांनी लेकीला घेऊन आले तेव्हा तिच्या फ्रॉकची उजवी बाही ओलीचिंब होती. पाणी अजून कोपरावरून ठिबकत होतं. मला इतका आनंद झाला की मी ओट्यावरूनच ओरडले, "बघा बप्पा, आमची बाई पाण्यात खेळून आली! गावात प्यायला पाणी नाही आणि ही खेळतेय!" लेक हसत होती. मी ती बाही पिळून दाखवली, पाणी पडलं तेही दाखवलं.

बप्पांनी सुतळी बाजूला ठेवली. तिला जवळ घेतलं आणि त्या बाहीवरून बोट फिरवत खांद्यापर्यंत गेले.

"काखंपस्तोर ओली हाय," ते म्हणाले.

"हो, खेळली ना."

ते उठले, तिला उचलून आत मोरीपाशी घेऊन गेले. तिथं आमचं प्लास्टिकचं छोटं पिंप होतं, तिच्या छातीएवढं, तीन हिस्से भरलेलं. त्यांनी तिला पिंपापाशी उभं केलं, मागून फ्रॉक मुठीत घट्ट धरला आणि म्हणाले, "घे बाळा, पानी घे."

लेक खुशीत वाकली. हात बुडाला मनगटापर्यंत. मग कोपरापर्यंत. मग ती आणखी वाकली आणि बाही काखेपर्यंत पाण्यात गेली तेव्हा तिची दोन्ही पावलं जमिनीवरून उचलली गेली होती. ती पोटावर तोललेली होती आणि केस पाण्याला लागले होते. बप्पांनी फ्रॉक धरला होता म्हणून ती बाहेर होती.

त्यांनी तिला खाली ठेवलं. "कोन धरलं व्हतं हिला तिथं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "कुनी धरलं असंल तर बरं हाय."

मी तिथंच फरशीवर बसले. माझ्या हातात ती बाही पिळल्याचं पाणी अजून होतं.

दुसऱ्या दिवशी तिला तिथं नेऊ नये, एवढं साधं मला कळायला हवं होतं. पण त्या दिवशी संघाची तपासणी होती, नवरा मुक्कामाच्या गाडीवर गेलेला, आणि बप्पांवर लेक सोपवावी हे मला त्या वेळी सुचलंही नाही. माझ्या डोक्यात पाळणाघर म्हणजे पाळणाघर. सकाळी मी बाईंना म्हणाले, "हौदापाशी जाऊ देऊ नका हिला. पाण्याचं वेड आहे."

"अगं, मी काय वेडी आहे का? बघ, पत्रा असतो कायम."

मी मागं जाऊन बघितलं. पत्रा होता, वर दगडही ठेवलेला होता. मी निघाले.

दुपारी एकपर्यंत मी एकाच नमुन्याचं फॅट दोनदा काढलं आणि दोन वेगळे आकडे लिहिले. तपासणीवाले साहेब पलीकडच्या खोलीत होते. माझ्या डोळ्यांपुढं ती उचललेली दोन पावलं येत होती. दगड ठेवणाराच तो काढतोही, हे मला तेव्हा, त्या आकड्यांकडं बघताना कळलं. लोक लई येत्यात तिथं पान्याला, दुपारच्याला. मी ॲप्रन काढला, शिपायाला सांगितलं, "साहेबांनी विचारलं तर घरी गेले म्हणून सांग," आणि चालू लागले. पुढं चालण्याचं पळणं कधी झालं ते आठवत नाही. कालव्याच्या रस्त्यावर ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती.

गेट सताड उघडं होतं. आत सात-आठ बाया घागरी-हंडे घेऊन उभ्या होत्या आणि पुढच्या ओट्यावर दोघींचं भांडण लागलेलं होतं.

"माझा नंबर हाय, तू कवा आलीस?"

"तुझ्या बापानं बांधला का हौद?"

बाई त्यांच्या मध्ये हात पसरून उभ्या होत्या, "अगं हळू, लेकरं झोपलीत, लेकरं झोपलीत!" मी त्यांना ओलांडून आत गेले. खोलीत सतरंजीवर लेकरं झोपलेली होती. कामवाली बाई त्यांच्या कडेला पदर डोळ्यांवर घेऊन आडवी. मी मोजलं नाही. माझं लेकरू तिथं नाही हे मला दारातूनच दिसलं.

मागच्या अंगणात पत्रा निम्मा सरकवलेला होता, दगड खाली पडलेला. कुणीतरी उपडी टाकलेली बादली हौदाला टेकलेली होती आणि तिच्यावर माझी लेक उभी होती. पोट काठावर. दोन्ही हात पाण्यात.

ओरडायचं नाही, एवढंच मला सुचलं. विहिरीच्या काठावर गेलेल्या कोकराला ओरडलं तर ते दचकून आतच जातं, हे मी चार वर्षांची असल्यापासून पाहिलेलं. मी चपला काढल्या. ते अंगण सात-आठ पावलांचं असेल. मी ती पावलं जशी टाकली तशी आयुष्यात दुसरी कधी टाकली नाहीत. मागून तिच्या पोटाभोवती हात घातला आणि उचललं.

ती भयंकर चिडली. पाय झाडत, "पानी, पानी" म्हणून किंचाळायला लागली. तिला काय झालं ते कळायचं कारणच नव्हतं. तिच्या हातातून सुटलेला स्टीलचा पेला हौदात हळूहळू भरला आणि खाली गेला. पेला तळाला टेकला तरी मला दिसत होता, इतकं ते पाणी नितळ होतं.

बाई धावत आल्या. त्यांनी बादली बघितली, पत्रा बघितला, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आत्ता तर झोपली होती गं. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी मी थोपटून गेले."

मी लेकीला कडेवर घट्ट धरलं.

"मी कुणाकुणाला नाही म्हणू सांग," त्या खाली बसत म्हणाल्या. "परवा एक पोटुशी बाई आली घागर घेऊन. तिला नाही म्हणू? एकीला दिलं की दुसरी येते. मला वाटलं, पाणी आहे तर द्यावं. पाण्याला कुणी नाही म्हणतं का?"

मला खूप बोलायचं होतं. पण भिंतीला टेकून पालकांचे रिकामे कॅन ओळीनं ठेवलेले होते, संध्याकाळी भरायचे. त्यात तिसरा कॅन माझा होता. त्याला ओळख म्हणून मीच लाल चिंधी बांधलेली. ते गेट ज्यांच्यासाठी उघडं राहत होतं त्यांच्यात मी होते. मी फक्त साडेपाचला यायचे, एवढाच फरक. लेकीला चांगलं म्हणून मी ती जागा निवडली, असं मी सगळ्यांना सांगत होते. निवडली होती ती निम्मी त्या कॅनसाठी.

मी लेकीला घेऊन निघाले. कॅन तिथंच राहिला.

तपासणीत माझी जागा रिकामी सापडली आणि लेखी खुलासा द्यावा लागला. मी जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं. व्यवस्थापकांनी ते वाचलं, कागद दुमडून खिशात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "लेकरू बरं हाय ना?" नोकरी पुढं टिकली. त्या माणसाला मी मनातून अजून नमस्कार करते.

सुट्टीच्या दिवशी नवऱ्यानं वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी जाळीचं झाकण करून घेतलं आणि हौदावर बसवून त्याला कुलूप लावून दिलं. बाईंनी किल्ली गळ्यात घातली. म्हणाल्या, "आता पाठवशील ना तिला?" मला नाही म्हणताना फार जड गेलं. त्यांनी माझ्याकडून पाण्याचा एक पैसा कधी घेतला नव्हता. मी दुसऱ्या दोन पालकांनाही झालेलं सांगितलं. एकीनं लेकरू काढलं. दुसरी म्हणाली, "आता झाकन बसलं की," आणि तिच्या हातात भरलेला कॅन होता.

चार दिवस बप्पांनी सांभाळलं. पण पाहुण्याचा निरोप आला होता, त्यांना जायचं होतं. मी पुन्हा त्या मदतनीस बाईच्या बोळात गेले. या वेळी काय विचारायचं तेच मला कळेना. पाण्याचं विचारायची हिंमत नव्हती. मी नुसती उंबऱ्यापाशी उभी राहिले. ती भाकरी थापत होती, चार लेकरं अंगणात डबे बडवत होती. तिनंच मला विचारायला सुरुवात केली.

"झोपंतनं उठल्यावर रडती का नुसतं बघत बसती?"

"बघत बसते. आणि मग उठून कुठंतरी जाते."

"माती खाती का?"

"थोडी."

"कशाला भेती?"

"बोकडाला."

"अन् कशाकडं पळती?"

आधीच्या तिन्ही ठिकाणी हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. "पाण्याकडं," मी म्हणाले. मग तिला सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी करपू दिली नाही, पण ऐकत होती.

"माझ्याकडं पिन्याचा एक माठ हाय, वर फळीवर. बाकी थेंब न्हाई," ती म्हणाली. "पन लेकराला बुडायला पानीच लागतं असं कुठं हाय? चूल हाय, बोळ हाय, कुत्री हायेत. हिच्या पायात घुंगराचं वाळं घाला. घट्ट नको. मी भाकऱ्या थापती तवा माझी पाठ असती लेकरांकडं. डोळं न्हाईत, पन कान हायेत. वाजतंय तवर खेळतंय. थांबलं की मी उठती."

बप्पांनी जायच्या आधी सोनाराच्या दुकानातून घुंगरांची वाळी आणून तिच्या पायात घातली. त्या मदतनीस बाईच्या दारातही ते एक दिवस बसले. तिनं त्यांना हाकललं नाही. "रिकामं कशाला बसताव पाव्हनं?" म्हणून त्यांच्यापुढं निवडायला तांदळाचं सूप सरकवलं.

पहिल्या दिवशी मी लेकीला सोडलं, भरलेली बाटली कोनाड्यात ठेवली आणि अंगणाबाहेर आले. ती रडली नाही, पण पळतही आत गेली नाही. कुडापलीकडून घुंगरं वाजत होती. छुम छुम, मग थांबून, पुन्हा छुम छुम. अंगणवाडी भरायला अजून वेळ होता, आणि मला नऊ वाजता केंद्रात पोचायचं होतं. तरी मी बोळाच्या तोंडाशी उभी राहिले, कुडाकडं तोंड करून.

आवाज थांबला.

मी वाट पाहिली. एक श्वास, दुसरा. माझा पाय परत वळला होता, तेवढ्यात आतून भाकरी थापण्याचा आवाजही थांबला. पाट सरकला. "काय गं, काय घावलं तुला तिथं?" ती मदतनीस बाई म्हणत होती. "दाव बघू. ह्ये? ह्ये तोंडात घालत्यात व्हय? टाक, टाक तकडं."

लेक काहीतरी बोलली, मला कळलं नाही. मग घुंगरं पुन्हा वाजायला लागली.

मी आणखी थोडा वेळ उभी राहिले आणि मग कामावर गेले.